पेनांगचा गुरुवार

विमानतळावरच्या काउंटरमागच्या मुलीने माझा पासपोर्ट उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, याची मुदत संपत आली आहे. मलेशियाला जायचं तर सहा महिने तरी शिल्लक लागतात. तुम्हाला नाही जाता येणार."

माझ्या पासपोर्टवर तोवर एकही शिक्का नव्हता. आमच्यासारख्या घरांतून पासपोर्ट काढतात तो कुठे जायचंय म्हणून नाही, तर 'असू दे, कधी लागला तर' म्हणून. मग तो कपाटाच्या आतल्या खणात, दागिन्यांच्या डब्याशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात. मी माझा इतका जपला होता की त्याचा कोपराही दुमडला नव्हता. फक्त तारीख बघायची राहिली. बायकोचा पासपोर्ट मात्र कोरा करकरीत होता, कारण तिचा जुना कुठेतरी गहाळ झाला होता आणि त्यावरून मी तिला वर्षभर ऐकवत होतो.

आम्ही तिघं निघालो होतो. मी, बायको आणि ठाण्यात राहणारी माझी धाकटी बहीण. मागे रांगेतले लोक चुळबुळ करायला लागले. तेव्हा मी घरातल्या कर्त्या माणसाला शोभेल अशा आवाजात बायकोला म्हणालो, "तू जा. तिकिटं फुकट घालवू नकोस." असं म्हणताना माझी पक्की खात्री होती की ती म्हणेल, तुमच्याशिवाय मी कशी जाऊ? मग मी आणखी एकदा आग्रह करणार होतो, ती नको नको म्हणणार होती आणि आम्ही दोघं टॅक्सीने डोंबिवलीला परत येणार होतो.

तिने पर्स खांद्यावर अडकवली. मग म्हणाली, "बरं. गिझर आठवणीने बंद करत जा." आणि बहिणीच्या मागोमाग आत निघून गेली.

आता हे नीट समजायचं तर आमच्या घरात खाण्याच्या बाबतीत माझं स्थान काय होतं ते सांगायला हवं. स्वयंपाक बायको करते, पण खाण्यातलं कळतं ते मला, अशी आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत माझी ख्याती आहे. माझं लहानपण टेंभी नाक्याला गेलं, त्यामुळे ठाण्यातली मिसळ कुठली खायची हे मी सांगावं आणि लोकांनी ऐकावं. कल्याणात भेळ कुठल्या कोपऱ्यावर, डोंबिवलीत साबुदाणावडा कुणाकडे आणि कुठल्या वेळी, हेही मीच सांगतो. हॉटेलात गेलो की वेटर मेनूकार्ड माझ्या पुढ्यात ठेवतो. बायकोला विचारलं तर ती म्हणते, "तुम्ही मागवाल ते." लग्न झाल्यापासून तिचं हेच उत्तर आहे, आणि मला ते फार आवडतं.

मलेशियातलं पेनांगही मीच शोधून काढलं होतं. बाकीचे लोक सहलीच्या बसमधून फिरतात आणि परदेशात जाऊन बरोबर आणलेल्या आचाऱ्याच्या हातचं वरण-भात खाऊन परत येतात. त्यांची मी यथेच्छ टिंगल केली होती. आपण जायचं ते तिथल्या गाड्यांवर उभं राहून खायला. कितीतरी रात्री मी व्हिडिओ बघून घालवल्या होत्या. कुठल्या गल्लीत कुठली म्हातारी काय विकते, काय आधी खायचं, काय नंतर, सगळं डोक्यात पक्कं होतं. बायको शेजारी बसून मेथी निवडायची आणि म्हणायची, "बाई गं, किती ते पाठ केलंय!"

एवढंच नाही, तर तिथल्या जेवणाला झणका नसला तर असावा म्हणून मी स्वतःच्या हाताने ठेचा केला होता. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. ठेचा हा एकच पदार्थ मी करतो आणि तो माझ्यासारखा कुणी करत नाही. वजन वाटून घ्यायचं म्हणून तो डबा बायकोच्या बॅगेत गेला होता. टॅक्सीत बसल्यावर मला त्याची आठवण झाली. मी परत चाललो होतो आणि माझा ठेचा पेनांगला निघाला होता. खरं सांगतो, मला माझ्याच ठेच्याचा हेवा वाटला.

घरी आलो तर दूधवाला बंद केलेला, पेपर बंद केलेला, फ्रिज रिकामा करून पुसून त्याचं दार टॉवेल अडकवून उघडं ठेवलेलं. त्याहून वाईट म्हणजे आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक माणसाकडून मी पेनांग तोंडपाठ करून घेतलं होतं. सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कट्ट्यावर तर मी निरोपाचं भाषण म्हणावं असं काहीतरी केलं होतं. आता कुठल्या तोंडाने खाली उतरू? म्हणून मी स्वतःच्याच घरात लपून राहिलो. दुपारी सगळे झोपले की जिना उतरायचा, लांबच्या पोळी-भाजी केंद्रावर जायचं, पोळ्या पिशवीत घालून परत. लिफ्टचा आवाज होतो म्हणून लिफ्टही नको.

सोमवारी बायकोचा फोन आला तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. काय खाल्लंस विचारलं तर म्हणाली, "विशेष काही नाही. दोन केळी. थोडा नुसता भात." मागून बहीण सांगत होती, "वहिनी काही खातच नाहीये रे दादा. चल म्हटलं तरी नको म्हणते." मी वरवर काळजी दाखवली, पण आतून मला गुदगुल्या झाल्या. तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि का उतरत नव्हता ते मला चांगलं कळत होतं. त्या दिवशी मी ती विकतची पोळीसुद्धा आवडीने खाल्ली. मंगळवार आणि बुधवार त्यांनी देवळं, किल्ला, समुद्र असले फोटो पाठवले. खाण्याचा एकही नाही. मी मजेत होतो.

गुरुवारी सकाळी चहा गाळत होतो आणि फोन वाजायला लागला. बहिणीने व्हिडिओ पाठवला होता. रस्त्याकडेला एक गाडी, त्यावर मातीच्या लहान लहान कढया, आणि एक बाई त्यांत पीठ ओतून आंबोळीसारखं काहीतरी काढत होती. त्या बाईसमोर माझी बायको उभी. पदर नाही, ओढणी नाही, बहिणीचा कुठलासा फुलाफुलांचा शर्ट घातलेला. तिने त्या बाईला दोन बोटं दाखवली आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "दोन दे गं. कुरकुरीत हवेत. कडेने कुरकुरीत." त्या बाईने मान डोलावली. आणि दिले तिने कुरकुरीत!

मी तो व्हिडिओ पुन्हा लावला, मग आणखी एकदा लावला. कडेने कुरकुरीत? तिला आंबोळी कडेने कुरकुरीत आवडते, हे मला कुठे माहीत होतं? आमच्याकडे आंबोळ्या मऊ होतात, कारण मला मऊ लागतात.

चहा तसाच ठेवून मी कपडे चढवले. म्हटलं, त्यांना वाटत असेल हा घरात बसून पोळ्या मोडतोय. मीही आज खाणार, आणि जिथे मला कुणी विचारणार नाही तू पेनांगला होतास ना, तिथे जाऊन खाणार. चोरासारखा जिना उतरलो आणि ठाण्याची बस पकडली.

टेंभी नाक्यावरून आत गेलं की एक मिसळवाला आहे. तिथे मी हाफ पँटमध्ये होतो तेव्हापासून जातो. मिसळ आली. वर लाल तर्री, बाजूला कांदा, लिंबू, पाव. एरवी मी ताटलीचा फोटो काढणाऱ्यांकडे अशा नजरेने बघतो की ते फोन खिशात घालतात. पण त्या दिवशी मी स्वतः उभा राहून, उजेड कुठून येतो बघून फोटो काढला आणि पाठवला. खाली लिहिलं, 'असं तिथे मिळतं का?'

उत्तर आलं ते बहिणीचं. नुसता अंगठा.

मी पहिला घास घेतला आणि पुन्हा फोन वाजला. आता हिरव्या शेवया होत्या, नारळाच्या दुधात, वरून काळपट गूळ आणि बर्फाचा चुरा. बायको चमचा तोंडात घालून डोळे मिटून उभी होती. बहीण विचारत होती, "कसंय वहिनी?" बायको म्हणाली, "अगं, शिरवाळे आहेत हे! आमचे शिरवाळे! थंड करून दिलेत एवढंच." आणि ती हसली. तोंडात घास असताना, मान मागे टाकून, मोठ्याने. गाडीवरची माणसंही हसायला लागली.

शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया, त्या नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. तिच्या माहेरचा, मालवणकडचा पदार्थ. आमच्याकडे कधी झाला नाही, कारण भात आणि गूळ एकत्र मला गिळवत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पाठ केलं होतं ते सगळं पेनांग खरं म्हणजे तिचं होतं. नारळ तिचा, मासळी तिची, आंबट तिचं, तांदळाचं पीठ तिचं. मी तिथे गेलो असतो तर मेनूकार्ड हातात घेऊन हिला समजावून सांगत बसलो असतो, आणि ती 'हो का?' म्हणत राहिली असती. माझ्या डोळ्यादेखत मिसळीवरची तर्री गोठली. मालक येऊन विचारून गेला, "काय काका, आज तिखट झाली का?" माझी मिसळ कधी उरत नाही.

तिथून चालत निघालो. उन्हाने डोकं तापलेलं, त्यात आणखी एक फोटो. वाडगाभर लालसर रस्सा, त्यात जाड पांढऱ्या शेवया, वर कांदा, पुदिना आणि चक्क अननसाचे तुकडे. खाली बायकोने स्वतः लिहिलं होतं, 'बांगड्याचं तिखलं. चिंच आहे आणि कोकमासारखं काहीतरी. अहो, काय चव आहे!!' शेजारी माझ्या ठेच्याचा डबा, रिकामा. 'तुमचा ठेचा गाडीवाल्या मावशींना दिला. त्यांना फार आवडला. त्यांनी पैसेच घेतले नाहीत.'

बांगडा. आणि वार गुरुवार!

आमच्या घरात गुरुवारी मासळी-मटण शिजत नाही. माझे आजोबा पाळायचे, वडील पाळायचे, मी पाळतो. बायको लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून ती माझ्याहून कडक पाळते. एकदा ऑफिसातल्या पार्टीत मी गुरुवारी चुकून कोळंबीचं भजं उचललं तर तिने लांबून डोळे वटारले होते. आणि आज ती बाई गुरुवारी भर रस्त्यात बांगडा खात होती, वर दोन उद्गारचिन्हं टाकून मला कळवत होती.

मी लगेच फोन लावला. "आज वार कुठलाय?"

"गुरुवार," ती म्हणाली. आवाजात घास होता.

"मग?"

"मग काय? इथे पण गुरुवारच आहे." तिने घास गिळला. "अहो, गुरुवार घरचा आहे. मी घरी नाहीये ना." मागून कुणीतरी काहीतरी तळत होतं, भांड्यांचा खणखणाट होता. "ठेवते हं, इथे तिसऱ्या घालून शेवया करतायत, गरम असतानाच खायला हव्यात." आणि फोन बंद.

तिसऱ्या! एका दिवसात बांगडा आणि वर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यासुद्धा. मी फुटपाथवर उभा राहिलो आणि माझ्या मनाने घेतलं की आज आपणही गुरुवार मोडायचा. पाळायचा कुणासाठी? खोपटला एसटी डेपोच्या आसपास एक मालवणी खानावळ आहे. बांगडा तिथे असा मिळतो की तसा पेनांगच्या बापाला जमणार नाही. तरातरा चालत तिथे पोचलो. आत पंखे फिरत होते आणि माणूस एकही नव्हता. कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो आणि मोठ्याने म्हणालो, "बांगडा फ्राय. एक तिखलं. आणि बोंबील असतील तर तेही."

वेटरने पाण्याचा ग्लास ठेवला. "काका, आज गुरुवार."

"माहितीये मला."

"तसं नाही हो. गुरुवारी मासळी आणतच नाही आम्ही. कोण खातं इथे गुरुवारी? उद्या या, फर्स्ट क्लास देतो. आज वालाचं बिरडं आहे, बटाट्याची भाजी आहे."

पाप करायला निघालो तर पापाचा माल संपलेला. मी वालाचं बिरडं खाल्लं. चांगलं होतं, तेही मला आवडलं नाही. फोटो काढला नाही. मग माझ्या मनात आलं की कळव्याला जावं.

कळव्याला माझी सासुरवाडी. सासूबाई तिथे मेहुण्याकडे असतात. मी तिकडे एकटा सहसा जात नाही, पण त्या दिवशी मला कुणाकडे तरी तक्रार करायची होती, आणि बायकोची तक्रार तिच्या आईकडे केली म्हणजे ती योग्य ठिकाणी पोचते. शिवाय मुलीने गुरुवारी मासळी खाल्ली हे ऐकून सासूबाई चार शब्द सुनावतील, अशी मला आशा होती. घरात त्या एकट्याच होत्या, टीव्हीसमोर बसून लसूण सोलत.

"येवा, येवा," त्या म्हणाल्या. "एकटेच रवलास मा घरात? माका कळला सगळा. पासपोर्टाची तारीख बघूक विसारलास."

हे त्यांना कसं कळलं, असं मी विचारलं.

"तिचो फोन येता मा रोज. आज सकाळीच इल्लो. म्हणाली, आई, हय बांगड्याचा तिखला मिळता म्हणे, खाव काय? मिया म्हटलंय, खा. पोटभर खा."

म्हणजे मला कळवण्याआधी आईला विचारून झालं होतं. आईने परवानगीही दिली होती. मी घसा साफ करून म्हणालो, "पण आई, आज गुरुवार आहे."

"आसा मा," सासूबाई शांतपणे लसूण सोलत राहिल्या. "पण गुरुवार आमच्यात खंय होतो? तो तुमच्या घरचो. आमचो सोमवार. सोमवार पाळल्यान हा तिना. बरोबर पाळल्यान. डाळ गावाक नाय थंय, तर केळी खावन रवली बिचारी."

मी खुर्चीत जरा मागे सरकलो. ती दोन केळी. तो उतरलेला चेहरा. ज्या सोमवारवर मी चार दिवस जगलो, तो माझा नव्हताच. तो माहेरचा वार होता; घरी ती सोमवारी डाळ-भात जेवते, पण ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. समुद्र ओलांडून, माणसं बदलून, भाषा बदलून, माहेरचा वार तिने सांभाळून नेला होता आणि माझा वार विमानतळावर माझ्याजवळ ठेवून गेली होती. माझा अगदी जळफळाट झाला. एखाद्या माणसाचा हेवा वाटला तर त्याला नावं तरी ठेवता येतात. सोमवारला काय नावं ठेवणार?

काहीतरी बोलायचं म्हणून मी तो शिरवाळ्यांचा व्हिडिओ लावून त्यांच्यापुढे धरला. चष्मा वर ढकलून त्यांनी तो बघितला. मुलगी मान मागे टाकून हसायला लागली तशा त्याही हसल्या, आणि त्यांचं हसू अगदी तसंच होतं. "अशीच होती ती," त्या म्हणाल्या. "जेवताना गप बसाचा माहीतच नाय. एक घास तोंडात, एक हातात, आणि बडबड चालू. तिचो बापूस ओरडायचो, अगो, ठसको लागात! तुमच्याकडे पण अशीच बडबडता मा?"

मी म्हणालो, "हो."

दुसरं काय सांगणार? आमच्याकडे ती आधी वाढते, मग मागून जेवते, आणि जेवताना मी बोलत असतो. सासूबाईंनी सोलकढी दिली, मी प्यायलो. निघताना त्यांनी सोललेल्या लसणाची पुडी हातात ठेवली. म्हणाल्या, "ठेचो संपलो मा तुमचो? परत करा." म्हणजे ठेच्याची बातमीसुद्धा माझ्याआधी कळव्याला पोचली होती.

डोंबिवलीत उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सोसायटीच्या फाटकात कट्ट्यावरचा एकजण समोर आलाच. "अरे! तुम्ही इथे? पेनांगला गेला होतात ना?" मी म्हणालो, "नाही. बायको गेलीये." तो म्हणाला, "एकटी?" मी म्हणालो, "एकटी कशाला, बहीण आहे बरोबर. मजेत आहेत." माझ्या तोंडून हे इतक्या सहज निघालं की मलाच आश्चर्य वाटलं. मग लिफ्टने वर गेलो.

फोन आला तेव्हा ती हॉटेलच्या खोलीत पलंगावर पाय पसरून बसली होती. उन्हाने नाक लाल झालेलं, शर्टावर कसलासा डाग. "जेवलात का?"

"कळव्याला गेलो होतो. आईंकडे."

"मग? सांगितलं तिने?"

"सगळं सांगितलं."

"रागावलात?"

"छे. मी कशाला रागावू?"

"रागावलात," ती म्हणाली आणि उशी मागे घेऊन नीट टेकून बसली. समजूत काढायला लागेल असं वाटलं, पण तिने शर्टावरचा डाग नखाने खरवडायला घेतला. तेव्हा, विचारू नये ते मी विचारलं. "माझी आठवण तरी आली का?"

अशा प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर असतं. ते खोटं असलं तरी चालतं. मी त्याचीच वाट बघत होतो.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "आधी रोज यायची. गाडीसमोर उभी राहिले की यायची. काय मागवायचं कळायचं नाही ना. वाटायचं, आता तुम्ही सांगाल. मी नुसती उभीच. मागची माणसं घेऊन जायची. म्हणून खाल्लंच नाही धड काही." तिचे डोळे चमकत होते. "आज नाही आली. सकाळी पुढे गेले आणि मागितलं, आणि मग संध्याकाळपर्यंत एकदाही नाही आली."

ती हे मला दुखवायला सांगत नव्हती. पोहायला शिकलेलं मूल घरी येऊन सांगतं, आज मी दोरी सोडली, तशा आनंदाने ती सांगत होती. आणि हे पहिल्यांदा कुणाला सांगायचं तर मला, असं तिला वाटलं होतं. ही गोष्ट तिच्या आईलाही अजून माहीत नव्हती. मी तेवढं मनाशी धरून ठेवलं, कारण धरायला दुसरं काही नव्हतं.

"त्या तिसऱ्या कशा होत्या?" मी विचारलं.

ती सांगायला लागली. आधी तिसऱ्या, मग बांगडा, मग पुन्हा तिसऱ्या. जाळ केवढा मोठा असतो, कढई कशी उडवतात, काळा सॉस नेमका कधी घालतात. एरवी ती दोन वाक्यं बोलली की तिसरं मी पुरं करतो. पण त्यातलं मी काहीच खाल्लेलं नव्हतं आणि व्हिडिओत चव दिसत नाही. तेव्हा मी गप्प होतो. बोलता बोलता तिने पलंगावरच्या पुड्यातून काहीतरी काढून तोंडात टाकलं आणि तसंच बोलत राहिली, एक घास तोंडात, एक हातात.

"पुढच्या वेळी तुम्ही चला," ती म्हणाली. "मी दाखवते तुम्हाला, काय खायचं ते."

"चालेल," मी म्हणालो.

आतून असं काही जळत होतं की पाणी पिऊनही शमलं नसतं. तिचं त्या पुड्यातलं संपत आलं होतं, ती आता फोन ठेवेल असं मला वाटलं.

"ते काय आहे?" मी घाईने विचारलं. "आत्ता खातेस ते?"